टायमरवर अडकलेला कॅमेरा

आधीच सांगते, ही रचलेली गोष्ट नाही.

रचायचीच असती तर मी मध्यरात्र घेतली असती, दिवे घालवले असते, चार कुत्री रडवली असती. हे घडलं भर दुपारी. पावणेचारला. माझ्या मावशीच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, बाहेरच्या खोलीत. गेल्या वर्षी आमची परीक्षा संपली, त्यानंतरचा पहिला शनिवार.

मला सांगितलं माझ्या मावसबहिणीने. तिला मी ताई म्हणते. ताईला थापा मारता येत नाहीत. मारायला गेली की तिचे कान लाल होतात. हे सांगताना तिचे कान पांढरे पडले होते!

ताईला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. सोमवारी निघायचं होतं. मावशी म्हणाली, जायच्या आधी एक फोटो काढू. आणि तिने कपाटातून काकांचा डिजिटल कॅमेरा काढला.

काका म्हणजे ताईचे बाबा. त्याच्या वर्षभर आधी गेले. हृदयाचा त्रास होता. घरी येताना जिन्याच्या मधल्या वळणावर टेकायचे. पण फोटो म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. पुस्तकांच्या कपाटावर कॅमेरा ठेवायचा, टायमर लावायचा आणि "थांबा, आलो आलो!" करत धावायचं. दहा सेकंद असायची, तरी काका कधी म्हणजे कधी वेळेत पोचले नाहीत. लेन्स पुसतील, कोणाला सरकायला सांगतील... आणि क्लिक! अल्बमभर काका म्हणजे कुठे एक कोपर, कुठे पुसट पाठ. आम्ही हसून लोळायचो.

ते गेल्यावर भिंतीवर लावायला ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करावा लागला.

तेव्हा कोणी हसलं नाही.

तर ताईने कॅमेरा हातात घेऊन बटण दाबलं. फोटो निघेना. नुसता लाल दिवा लुकलुकायला लागला. टीक... टीक... टीक... दहा सेकंदांनी क्लिक. टायमर बंदच होत नव्हता.

"आई, हा डबा झालाय. नवीन घेऊ."

"दुरुस्त करू. बाबांच्या हातचा आहे."

"दुरुस्तीवालासुद्धा हसेल."

"हसू दे. आता टायमर लागतोच आहे तर दोघींचा काढ ना."

ताईने तो पुस्तकांच्या कपाटावर ठेवला, बटण दाबलं आणि भिंतीपाशी मावशीजवळ जाऊन उभी राहिली. दोघींच्या मध्ये सवयीने एका माणसाची जागा सुटली.

टीक... टीक... टीक...

आणि मग कपाटापासून...

फट. फट. फट.

रबरी चप्पल. घाईघाईत. त्यांच्याच दिशेने.

"अहो, सावकाश!" मावशी बोलून गेली.

बोलून गेली आणि तिच्या लक्षात आलं.

क्लिक.

आवाज थांबला. मध्येच. भिंतीपासून तीनेक पावलांवर.

ताईने धावत जाऊन फोटो पाहिला. ती, मावशी आणि मधली जागा. जागेत नुसती भिंत. काकांच्या चपला तर केव्हाच देऊन टाकल्या होत्या.

"वरच्या मजल्यावर कोणीतरी चालत असेल," ताई म्हणाली.

मावशी म्हणाली, "परत लाव."

सात फोटो काढले त्यांनी. सातही वेळा तीच चप्पल, तीच घाई. ताई रडत होती आणि हसतही होती. "बाबा, अजून एकदा! या वेळी नक्की पोचाल!"

नाही पोचले.

रविवारी ताईचं म्हणणं पार बदललं होतं. दुरुस्तही नको, नवीनही नको. आहे तसा राहू दे. "दाखवून तर आणू," म्हणत मावशीने कॅमेरा पिशवीत घातला.

जिन्याखालचं एवढंसं दुरुस्तीचं दुकान. आत डोळ्याला भिंग लावलेले एक आजोबा. त्यांनी कॅमेरा उलटापालटा केला.

"बटणाखाली घाण बसलीये. साफ केलं की टायमर सुटेल. मग दाबलं की लगेच फोटो. पण खरं सांगू? जुना झालाय. नवीनच घ्या."

मग त्यांनी तो काउंटरवर ठेवला आणि बघायला म्हणून बटण दाबलं.

टीक... टीक...

आजोबांनी एकदम आपलं स्टूल बाजूला ओढलं. मागून येणाऱ्याला वाट द्यावी तसं.

मग त्यांनी वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"तुमच्याबरोबर अजून कोणी आहे का हो?"

"नाही. का?"

"कोणीतरी धापा टाकतंय. केवढा दम लागलाय... बसायला सांगा की त्यांना."

ताईने तोवर फक्त चपलेचा आवाज ऐकला होता. आता तिने कान दिला. आणि तिलाही ऐकू आलं. जिन्याच्या वळणावर टेकल्यावर बाबा घ्यायचे, तसा श्वास.

तिने आईकडे पाहिलं. मावशीच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तिने तो श्वास कालच ऐकला होता.

"दुरुस्त करा," मावशी म्हणाली.

"आई, नको ना! मग बाबा..."

"सात वेळा पळवलं गं आपण त्यांना. जिनासुद्धा जपून चढा म्हणाले होते डॉक्टर."

"पण ते येतात, आई!"

"येतात म्हणूनच म्हणते."

आजोबांना काही कळलं नाही. त्यांनी भिंग नीट केलं आणि स्क्रू काढायला घेतले. ताई दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

घरी आल्यावर मावशीने ताईचा एक फोटो काढला. बटण दाबलं की लगेच क्लिक. टीक टीक नाही. काही नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या... दहा सेकंद... वीस...

काही नाही.

मग मावशी आत गेली. ग्लासभर पाणी आणून तिने कपाटाजवळच्या खुर्चीशेजारी ठेवलं. ताईने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. दोघी आतल्या खोलीत जाऊन बॅग भरत बसल्या.

तासाभराने बाहेर आल्या तेव्हा ग्लास अर्धा होता.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. ताई अजून फोन करून मला हळूच विचारते, "काय गं, आई काही बोलली का? तीच प्यायली होती ना ते पाणी?"

आणि मी मावशीकडे गेले की मावशी विचारते, "तुझी ताई काही म्हणाली का गं? तीच प्यायली असेल ना?"

एकमेकींना विचारायची हिंमत दोघींनाही होत नाही.

मी दोघींना "माहीत नाही" म्हणते. एरवी मी त्या घरात कुठेही लोळते... पण त्या खुर्चीत बसत नाही.