निभाच्या हातची कोळंबी

त्या दिवशी हर्ण्याच्या बंदरात होड्या जरा लवकर लागल्या आणि जनीला मनासारखी कोळंबी मिळाली. वीतभर लांब, टपोरी, मिशा अजून वळवळत असलेली. लिलावाचा गलका ऐन रंगात असतानाच ती टोपली घेऊन निघाली. आज काय रांधायचं ते तिनं चार दिवसांपूर्वीच ठरवलं होतं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

नवरा आत्माराम. बारा वर्षं बोटीवर इंजिनखोलीत काढलेला, आता बंदरावर लाँचांची इंजिनं दुरुस्त करणारा. माणूस सज्जन, कधी आवाज चढवायचा नाही. जनीशी त्याचं दुसरं लग्न. पहिली बायको निभा, कलकत्त्याकडची. बोट तिथल्या गोदीत तीन महिने अडकून पडली तेव्हा दोघांचं जमलं, आणि त्यानं तिला थेट इकडे आणलं. पाच वर्षं ती या घरात नांदली आणि एका पावसाळ्यात काविळीनं गेली. जनीनं तिला कधी पाहिलं नव्हतं. पेटीच्या तळाशी शंखाच्या दोन पांढऱ्या बांगड्या होत्या, तेवढीच काय ती ओळख.

लग्नाला दोन वर्षं होत आली, पण आत्मारामनं जनीला नावानं हाक मारली नव्हती. "ऐकतेस काय?" एवढंच. वाढलेलं निमूट जेवायचा आणि उठायचा. गेल्या आठवड्यात तापानं फणफणला होता तेव्हा मात्र डोळे मिटूनच पुटपुटला, "निभाची कोळंबी... नारळाच्या दुधातली..."

उशाशी बसलेल्या जनीला खरं तर राग यायला हवा होता. पण तिला वाटलं, या माणसाला अशी भूक लागते तर! ती माझ्या हातून भागली, तर कदाचित तो मान वर करून माझ्याकडे बघेल.

ताप उतरल्यावर तिनं सहज म्हणून विचारलं. तो म्हणाला, "आमसूल नाय, तिरफळ नाय. बाकी काय घालायची, ठाऊक नाय गो. मी कधी बघितलंच नाय."

घरी पोचेस्तोवर दिवेलागण झाली आणि त्यातच वीज गेली. जनीनं कंदील लावला, नारळ खवला, पाट्यावर वाटून दाट दूध काढलं. मग विळी पुढ्यात ओढली आणि कोळंबीची डोकी काढायला घेतली. आजवर हजारदा केलेलं काम. पण पहिल्याच कोळंबीला हात थांबला. डोकं ठेवायचं, फक्त पाठीला चीर द्यायची... हे तिला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. तरी तिनं एकेक कोळंबी तशीच केली, डोक्यासकट.

कढईत गोडं तेल तापलं. त्यात तमालपत्र, वेलची, दालचिनी पडली, आणि वास उठला तो वेगळाच. नाकात झणझणणारा, डोळ्यांत पाणी आणणारा. मोहरीच्या तेलाचा. जनीनं बुधला कंदिलाजवळ धरून पाहिला. गोडंच तेल होतं. मोहरीचं तेल या घरात ती आल्यापासून कधी आलंच नव्हतं.

बाहेर माडांची झावळं घासत होती. तिनं कांद्याचं वाटण परतलं, हळद घातली, नारळाचं दूध ओतलं. रस्सा पिवळाधमक झाला. मग तिचा हात फळीवर गेला, साखरेच्या डब्याकडे. कोळंबीत साखर! सासरमाहेरात कुणी ऐकलं असतं तर हसलं असतं. तिनं चिमूटभर घातली, जरा थांबली, अजून एक चिमूट घातली. कुणीतरी पाठीमागून "हं, पुरे" म्हणावं तशी तिची तिलाच खात्री पटली. आपण काहीतरी गुणगुणतोय हे तिच्या मागाहून ध्यानात आलं. चाल ओळखीची नव्हती.

आत्माराम आला आणि उंबऱ्यावरच थबकला. एक पाय आत, एक बाहेर.

"कोण आलंय?" त्यानं हळूच विचारलं.

"कोणी नाय. या, हातपाय धुवा."

तो पाटावर बसला. पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे मिटले. नंतर तो जेवला ते आजारातून उठलेलं पोर जेवतं तसा. कोळंबीची डोकी चोखून खाल्ली, रस्सा बोटांनी निपटला. जनी वाढत होती आणि तिचं मन भरून येत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा या माणसानं पुन्हा भात मागितला होता. शेवटी त्यानं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं... अगदी तिला हवं होतं तसं पाहिलं, आणि म्हणाला,

"निभा..."

 मी जनी, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण बाहेर पडलं ते निराळंच.

"आमि बाडी जाबो."

आत्मारामचा हात ताटातच राहिला. "काय... काय म्हणालीस?"

"मला नाय ठाऊक," जनी म्हणाली. "अहो, मी नाय बोलले ते. काय असतं ते?"

त्यानं ताटातला हात काढून घेतला. मग ताटाकडे बघत म्हणाला, "मी घरी जाणार, असं. शेवटच्या दिवसांत हेच म्हणायची ती. आईला भेटायचं होतं तिला. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी नेतो. पुढच्या वर्षी..." त्याचे खांदे हलायला लागले. निभा गेली तेव्हाही तो रडला नव्हता, असं गाव सांगत असे.

जनी त्याच्याजवळ सरकली. भीती होतीच, तरी तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आपण जाऊया," ती म्हणाली. "तिच्या बांगड्या तिच्या आईला देऊन येऊया. पण एकदा माझं नाव घ्या. एकदाच."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "जनी," तो म्हणाला.

तेवढ्यात आत स्वयंपाकघरात पळी कढईवर वाजली. जेवल्यावर उरलेलं कुणी निपटून घ्यावं तशी, दोनदा. दोघंही जागची हलली नाहीत.

दिवाळी झाल्यावर दोघं निघाली. एसटीनं मुंबई, तिथून दोन रात्री गाडीत, पुढं नदीकाठचं गाव. निभाच्या म्हाताऱ्या आईनं बांगड्या छातीशी धरल्या आणि जनीला कुशीत घेतलं. भाषा कळत नव्हती, पण कळण्यासारखं सगळं कळलं. निभाचा भाऊ हिंदीत म्हणाला, "आई म्हणते, आली एकदाची घरी. आता तुम्ही निर्धास्त जा."

परत येताना आत्मारामनं वाटेत किती वेळा हाक मारली असेल! "जनी, चहा घे." "जनी, खिडकीशी बस." बंद घराचं कुलूप त्यानं हसत उघडलं, पिशव्या आत टाकल्या आणि तसाच बंदरावर चक्कर मारायला गेला. जनी ओटी झाडायला लागली. एवढ्यात शेजारची मथुरा आली. यंदाच्या वैशाखातच ती सून होऊन वाडीत आली होती. तिच्या हातात एक पितळी वाटी होती.

"वाटी द्यायला आलेय, वहिनी. कालवण काय सुरेख झालं होतं! तुमची पाहुणी गेली काय?"

जनीनं वाटी घेतली. तिच्याच मांडणीवरची. "कोण पाहुणी?"

"ती गो, मोडकं मराठी बोलणारी. तुम्ही नव्हता तेव्हा संध्याकाळची मागच्या दारी उभी असायची. मी म्हटलं, घरी कधी जाणार तुम्ही? तर म्हणाली, हेच तर घर." मथुरा हसली. "आत्मारामभाऊंचं नाव नाय काढलं एकदा. रोज आपलं एकच विचारायची..."

"काय?"

"जनी कधी येणार?"