हाक मारल्याशिवाय

इंजिन म्हणजे इंजिन. त्याला हवा लागते, पेट्रोल लागतं आणि ठिणगी लागते. ही तीन मिळाली की ते चालू होतं, मग तुम्ही त्याला लिंबू-मिरची बांधा नाहीतर नका बांधू. शिरोली एमआयडीसीत माझं रिपेरीचं शेड आहे आणि बावीस वर्षं मी येईल त्या गिऱ्हाइकाला हेच ऐकवत आलोय. त्यामुळं पुढचं सांगताना माझी मलाच जरा लाज वाटते.

माझी धाकटी बहीण स्नेहल नृसिंहवाडीच्या अलीकडच्या एका गावात दिली आहे. गावाला तीन बाजूंनी नदी. पाणी चढलं की आधी बंधारा जातो, मग रस्ता, आणि मग उरते ती पंचायतीची रबरी बोट. जूनमध्ये स्नेहलचा सातवा महिना संपत आला होता. पहिलटकरीण, म्हणून मी तिला माहेरी न्यायला गेलो, तर ही गोठ्यातनं बाहेर यायला तयार नाही.

"म्हस व्यायला झालीया दादा. ती मोकळी झाली की येतो."

"आणि आधी पाणी आलं तर?"

"बोट हाय की!"

बोट होती, पण तिचं मशीन लागत नव्हतं. पावसाळ्याआधीच्या चाचणीत पंचायतीच्या शिपायानं चाळीस वेळा दोरी ओढली होती आणि तेव्हापासून तो खांद्याला तेल लावून घरी बसला होता. स्नेहल कुणाचं ऐकत नाही, हे मला ती पाळण्यात होती तेव्हापासून माहीत आहे. म्हटलं, बहीण वळत नसेल तर निदान मशीन तरी वळवू. रस्ता बुडाल्यावर तिला दवाखान्यात न्यायला दुसरं काहीच नव्हतं.

बोट चालवायचे रुद्रय्यामामा. सत्तरीचे, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, गालात कायम पान. बोटीच्या मागं लावायचं ते मशीन त्यांनी देवळाच्या कट्ट्यावर आणून ठेवलं.

"बघा पावणं. दोन फुर्र करतंय आन् मरतंय."

मी बसलो. टाकीतलं पेट्रोल वर्षाचं शिळं, तळाला पाणी साचलेलं. ओतून दिलं. प्लग काळाकुट्ट, तो बदलला. कार्बोरेटरमध्ये डिंकासारखा चिकटा होता, खोलून धुतला. लाल दोरीचा चिमटा तपासला. चालवणारा पाण्यात पडला तर मशीन आपोआप बंद व्हावं म्हणून ती दोरी मनगटाला बांधतात. चिमटा ठीक होता. मग टाकीचं झाकण हातात घेतलं आणि कपाळाला हात लावला. झाकणावरचं हवेचं भोक हळदकुंकवानं गच्च बुजलं होतं.

"मामा, ही पूजा कुणी केली?"

"खंडेनवमीला मीच. का वं?"

"टाकीला श्वास घ्यायला एवढंसं भोक असतंय. तेच लिंपून टाकलंत की तुम्ही!"

"आयला," मामा म्हणाले, "म्हंजे नाक सोडून कुक्कू लावाय पायजे हुतं."

मी हसून हसून लोळलो. पाण्याच्या पिंपात मशीन उभं करून दोरी ओढली, पहिल्या झटक्याला लागलं. स्नेहलच्या सासूबाई, बाळाबाई, सगळ्यांना चहा घेऊन आल्या. काम फत्ते, असं वाटलं.

मग आम्ही मशीन बोटीला लावून बोट नदीत ढकलली. मी दोरी ओढली. मशीन गप्प.

बारा वेळा ओढली. तोंडात आल्या त्या शिव्या दिल्या. मामा निवांत पान चघळत होते.

"पावणं, हाक न्हाय मारली तुमी."

"कसली हाक?"

मामा उठले, तोंडाला हात लावून गल्लीकडं बघत ओरडले, "कोण ऱ्हायलंय काऽऽ?" क्षणभर कान दिला. मग दोन बोटांनी दोरी ओढली. मशीन सुरू झालं, आवाज अगदी गोल.

त्यांच्या वडिलांची लाकडी नाव होती तेव्हापासूनची ही रीत. पुरात गल्लीतनं निघताना हाक मारायची आणि मगच नाव सोडायची. "त्याला बी सवय लागली आता," मामा मशीनवर थाप मारत म्हणाले.

मी काय म्हणालो सांगू? म्हणालो, हाक मारण्यात दहा सेकंदं जातात, तेवढ्यात जादा झालेलं पेट्रोल उडतं, म्हणून लागतं. सोपं आहे. मशीन बंद करून घड्याळ लावून दहा सेकंदं थांबलो. नाही लागलं. तीस थांबलो. नाही. प्लग बाहेर काढून मशीनच्या अंगाला टेकवला आणि दोरी ओढली. ठिणगी नाही. मामांना म्हटलं, मारा हाक. त्यांनी मारली. मी दोरी ओढली आणि प्लगच्या तोंडावर निळीशार, जाडजूड ठिणगी पडली.

असं मी सहा वेळा केलं. सहाही वेळा तेच.

"आणि हाक मारूनबी नाही लागलं तर?" मी विचारलं.

"मग कोण तरी ऱ्हायलेलं असतंय. हुडकायचं. मागं एकदा असंच अडलं, तर माळ्यावर म्हातारी घावली."

"वायर कुठंतरी लूज असणार," मी म्हणालो आणि दुपारभर बसून सगळी वायरिंग नवी घातली. बोटीला लावलं की मशीन हाकेशिवाय लागलं नाही ते नाहीच.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी आलं. शुक्रवारी म्हैस व्याली. शनिवारी सकाळी स्नेहलनं म्हैस आणि रेडकू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून छावणीत धाडलं, स्वतः मात्र भांडी माळ्यावर टाकत मागं राहिली, आणि दुपारपर्यंत रस्ता गेला. दाजी डेअरीचा टँकर घेऊन मुंबईला. रविवारी दुपारी बाळाबाईंचा फोन आला, "कळा सुरू झाल्यात वं!"

मी गाडी पाण्याच्या कडेपर्यंत नेली. मामा बोट घेऊन थांबलेच होते. गल्लीत छातीभर पाणी होतं. दारं उघडी, माणूस नाही. बाकीचं गाव कालच बाहेर पडलं होतं. स्नेहलला उचलून बोटीत घेतली, पाठोपाठ बाळाबाई चढल्या. मामांनी हाक मारली. दोरी ओढली.

मशीन गप्प.

परत हाक, परत दोरी. गप्प. मी मामांना बाजूला सारून स्वतः ओढली. पेट्रोल होतं. झाकणाचं भोक मोकळं होतं. चिमटा जागेवर होता. प्लग काढून बघितला, ठिणगी नाही.

"कोण तरी ऱ्हायलंय," मामा म्हणाले.

"कोण राहणार? सगळं गाव रिकामं आहे!" मी खेकसलो. माझ्या तळहाताची सालटी निघाली होती.

"म्हस गेली, कुत्रं गेलं. आमच्यात तर कोणच न्हाय," बाळाबाई रडवेल्या झाल्या.

स्नेहलनं दात-ओठ खाऊन एक कळ सोसली. मग मान वळवून आपल्या घराच्या उघड्या दाराकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कोण हाय ते या की भायेर!" ती ओरडली. "आमी काय दिवसभर थांबू व्हय?"

आतनं काही आवाज आला नाही.

"आत्या, सरका की जरा. जागा द्या."

बाळाबाई सरकल्या.

बोटीचा पुढचा भाग हळूच खाली गेला. रबर करकरलं.

मामांनी दोरीला हात लावला आणि मशीन लागलं.

काठावर मामा आधी उतरले, हात देऊन त्यांनी स्नेहलला उतरवलं, मग बाळाबाईंना, मग मला. त्यानंतरही थोडा वेळ त्यांचा हात तसाच पुढं होता.

संध्याकाळी सहाला मुलगी झाली. अडीच किलो, आवाज थेट आईवर. मी दवाखान्यातल्या रखवालदारालासुद्धा पेढे चारले.

स्नेहल सव्वा महिना माझ्या घरी राहिली. घर कसं भरल्यासारखं वाटायचं. माझी बायको पूर्णिमा म्हणायची, रोज चुकून एक भाकरी जास्त थापली जाते, पण उरत कशी नाही? मी म्हणायचो, बाळंतिणीची भूक आहे. स्नेहल नुसती हसायची. पोरगी कधी कधी कोपऱ्याकडं बघून खुदकन हसायची. लहान मुलं हसतातच.

गौरी-गणपती झाल्यावर बाळाबाई सुनेला आणि नातीला न्यायला आल्या. बरोबर अकरा वाजता निघालो. उजेड लख्ख, रस्ता कोरडा. बाळ-बाळंतीण आणि बाळाबाई मागं बसल्या, सामान डिकीत टाकलं, पूर्णिमानं दही-साखर हातावर ठेवली. मी किल्ली फिरवली, गाडी लगेच लागली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

कोपऱ्यापर्यंत गेलो नाही तोच डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. टूं, टूं, टूं. माझ्या शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला नव्हता.

सीट रिकामी होती. त्यावर साधी पिशवीसुद्धा नव्हती. खालचा सेन्सर वजन पडल्याशिवाय वाजत नाही, हे मी गिऱ्हाइकांना शंभरदा समजावलंय.

"दादा," मागनं स्नेहल सहज म्हणाली, "त्यास्नी पट्टा लाव की."

मी गाडी कडेला घेतली. हात लांब करून पट्टा ओढला आणि खटक्यात बसवला. आवाज बंद झाला.

रिकाम्या सीटवर जेवढा पट्टा लागतो, त्यापेक्षा वीतभर जास्त ओढावा लागला.