टिपूसचा अंदाज

शंभर जणांपैकी साठ वाचत असतील, तर आई त्या साठांत की उरलेल्या चाळीसांत? सहावीतल्या तेजल तांडेलला पडलेला हा प्रश्न गणिताच्या पुस्तकातला नव्हता. काचेपलीकडच्या अतिदक्षता विभागात तिची आई, सुचिता, डोळे मिटून पडली होती.

परवा बंदरावर मासळी निवडताना शिंगाळा माशाचा काटा आईच्या तळहातात घुसला. तिने तो उपटून फेकला, हात धुतला आणि पुन्हा कामाला लागली. आज सकाळी मात्र हात कोपरापर्यंत सुजला, अंग तापलं आणि ती काहीच्या बाही बोलू लागली. बाबांनी तिला तडक रुग्णालयात आणलं.

आईच्या खाटेजवळ एक यंत्रमानव उभा होता. उंचीला तेजलएवढाच. रक्ताच्या एका थेंबातून तो कितीतरी गोष्टी मोजायचा, म्हणून सगळे त्याला टिपूस म्हणत. त्यानेच दारातून सांगितलं होतं, "अशा शंभर रुग्णांपैकी साठ वाचतात."

डॉक्टर जरीना मुकादम बाहेर आल्या तशी तेजलने त्यांना आपला प्रश्न विचारला.

"ते टिपूसला माहीत नाही आणि मलाही नाही," त्या तिच्याशेजारी बाकावर बसत म्हणाल्या. "आधीच्या हजारो रुग्णांच्या रक्तात काय होतं आणि पुढे त्यांचं काय झालं, हे आम्ही त्याला शिकवलंय. आईसारखं रक्त ज्यांचं होतं, त्यांच्यापैकी किती वाचले, एवढंच तो सांगतो."

"आईच्या रक्तात काय आहे?"

"काट्याबरोबर जंतू आत शिरले. त्यांच्याशी लढताना शरीर इतकं खवळलं, की रक्तवाहिन्या सैल पडल्या आणि रक्तदाब घसरला. याला सेप्टिक शॉक (जंतुसंसर्गामुळे रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरणं) म्हणतात. मग पेशींपर्यंत पुरेसा ऑक्सिजन पोचत नाही. तू जिवाच्या आकांताने धावलीस तर धाप लागते ना? तेव्हा ऑक्सिजन अपुरा पडतो, तरी स्नायू कशीबशी ऊर्जा बनवतात आणि रक्तात लॅक्टेट (अशा वेळी पेशींतून बाहेर पडणारा पदार्थ) वाढतं. आई तर झोपून आहे. तरी तिचं लॅक्टेट नेहमीपेक्षा तिपटीहून जास्त आहे."

"म्हणजे टिपूसने सांगितलं तसंच होणार?"

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. "तांडेल, वादळाचा इशारा आला की तुम्ही काय करता?"

"होड्या परत आणतो."

"आणि सगळे सुखरूप आले, तर इशारा खोटा ठरला का?"

"खोटा कसा? इशारा मिळाला म्हणूनच परतलो."

"टिपूसचा अंदाजही तसाच आहे. पुढे काय करायचं ते ठरवण्यासाठी."

औषधं आणि सलाईन चालूच होतं. दुपारी टिपूसने पुन्हा एक थेंब घेतला. "लॅक्टेट उतरलेलं नाही," तो म्हणाला. "आता शंभरांपैकी पंचेचाळीस."

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तेजलने त्यांचा शर्ट घट्ट धरला.

डॉक्टर टिपूसच्या पडद्यावरच्या लॅक्टेटच्या आकड्याकडे बघत राहिल्या. "आतापर्यंत ते उतरायला लागायला हवं होतं. म्हणजे जंतूंना आत कुठेतरी थारा मिळतोय. तो काटा अख्खा निघाला होता?"

"तिने उपटला, असं म्हणाली," बाबा म्हणाले.

"मी तिथेच होते, पाहिला होता तो काटा," तेजल हळूच म्हणाली. "त्याला टोक नव्हतं. मला वाटलं, आधीच मोडलेलं असेल."

डॉक्टर लगेच उठल्या. सोनोग्राफीत तळहाताच्या आत, खोलवर, एक बारीक रेघ दिसली आणि तिच्याभोवती पू. आईला शस्त्रक्रियेसाठी नेलं. परत आणलं तेव्हा हाताला जाड पट्टी होती आणि काट्याचं टोक एका छोट्या बाटलीत होतं.

संध्याकाळी टिपूस म्हणाला, "लॅक्टेट अर्ध्यावर आलं आहे. आता शंभरांपैकी ऐंशी."

आई ऐंशींत की विसांत, हे तेजलने या वेळी विचारलं नाही. ती म्हणाली, "पुढचा थेंब कधी घेणार?"

"आता बरोबर विचारलंस," डॉक्टर हसल्या. "आकडा किती आहे, यापेक्षा तो कुठे चाललाय हे जास्त सांगून जातं."

लॅक्टेट उतरत गेलं. आठवडाभराने आई उशीला टेकून पेज पीत होती. डॉक्टरांनी तिला विचारलं, "तुमच्या तपासण्यांची माहिती टिपूसला शिकवायला वापरू का? नाव कुठे येणार नाही."

"वापरा की," आई म्हणाली. "कुणाला उपयोग झाला तर बरंच."

तेजल विचार करत होती. "पण रक्तावरून त्याला काटा आत राहिलाय हे कळलं नव्हतं."

"खरंय. लॅक्टेट हटत नाही एवढंच कळलं. का हटत नाही, ते विचारावं लागलं."

"मग त्याला विचारायलाही शिकवा."

टिपूस तिच्याकडे वळला. "कोणत्या शब्दांत विचारू?"

तेजल म्हणाली, "'काय टोचलं होतं, आणि ते अख्खं निघालं का?' असं विचार. आणि जरा हळू आवाजात, जवळ येऊन विचार. दाराबाहेर उभं असलेलं माणूस घाबरलेलं असतं."