तीनदा पुकारा

ही रात्रीची गोष्ट नाही. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांना हे आधीच सांगून ठेवतो.

रविवार, ११ मार्च १९७३. दुपारी तीन ते साडेतीनच्या मधली वेळ. डोक्यावर लख्ख ऊन होतं. मला ताप नव्हता, मी प्यालो नव्हतो. परभणीच्या एका दैनिकात मी बातमीदार होतो. ऐकलं ते लिहायचं आणि वेळेत द्यायचं, एवढंच माझं काम. त्या दिवसाच्या वेळा आणि अंतरं मी तिथंच वहीत टिपली. ती वही अजून माझ्याकडे आहे.

गावाचं नाव मात्र लिहीत नाही. जिंतूर सोडलं की डोंगर लागतो. त्या डोंगरात एकोणीस किलोमीटर आत ते गाव आहे.

तेव्हा मी जिल्ह्यातल्या निजामकाळातल्या कोर्टांवर एक लेखमाला लिहीत होतो. दर रविवारी सकाळी राजदूत मोटारसायकल काढायची, एका गावचं कोर्ट बघायचं, संध्याकाळी परत. सोमवारी दुपारी बारापर्यंत मजकूर द्यायचा. चार कोर्टं झाली होती. हे पाचवं.

मागच्या सीटवर विष्णुपंत असायचे. वय सदुसष्ट. जन्मभर वेगवेगळ्या मुन्सफ कोर्टांत पेशकार होते. पेशकार म्हणजे साहेबांच्या समोर बसून फायली पुढं करणारा आणि निकालाच्या नोंदी लिहिणारा कारकून. जुन्या फायलींची उर्दू मला येत नव्हती, त्यांना येत होती. त्यांना ऐकू कमी यायचं.

"पंत, धरून बसा!"

"काय म्हणालात?"

"धरून बसा म्हटलं!"

"बसलोय की. तुमच्या या फटफटीपेक्षा साहेबांचा टांगा बरा होता, व्यंकटराव. निदान घोड्याला खड्डा दिसायचा."

चार रविवार हे असंच चाललं. पाचव्या रविवारी मात्र ते बोलले नाहीत. झरी गाव मागं गेलं. दुष्काळी कामावरची माणसं रस्त्याकडेला खडी फोडत होती.

बोरीला आम्ही चहाला थांबलो. तिथं ते म्हणाले, "आजच्या कोर्टात माझं एक काम राहिलंय. मी सांगायलोय ते लिहून घेऊ नका."

मी वही मिटली.

"सेहेचाळीस सालची गोष्ट. सरजाबाई म्हणून एक बाई होती. नवरा गेला आणि दिरांनी तिची पोरगी ठेवून घेतली. पाच वर्षांची पोर. ती परत मिळावी म्हणून बाईचा अर्ज होता. प्रत्येक तारखेला अठरा मैल चालत यायची. बाहेर चिंचेखाली बसायची."

"मग?"

"शिपायानं व्हरांड्यात उभं राहून तीनदा नाव पुकारायचं, असा कायदा. त्या दिवशी शिपाई साहेबांचं पान आणायला गेलेला. साहेबांना दिवस मावळायच्या आत जिंतूर गाठायचं होतं. मला म्हणाले, पुकारो. मी खुर्चीतून उठलोच नाही."

त्यांनी बशी खाली ठेवली.

"खुर्चीतच पुटपुटलो. एका दमात. सरजाबाई, सरजाबाई, सरजाबाई. समोरच्या वकिलाला ऐकू गेलं नसेल. आणि नोंद केली... तीनदा पुकारा झाला. गैरहजर. अर्ज खारिज."

"ती बाहेर होती?"

"तीस पावलांवर. संध्याकाळी कुलूप लावताना मला म्हणाली, 'दादा, माजं नाव घेतलं का वो?' मी म्हणालो, अजून नाही."

पंतांनी रिकामी बशी दूर सारली.

"नंतर ती रोज यायला लागली. तारीख असो, नसो. लोक सांगायचे, बाई, तुझा अर्ज गेला. ती म्हणायची, 'हाक न्हाई मारली तर कसा जाईल?' चार महिने. एक दिवस कोर्ट उघडायला गेलो तर तिथंच बसलेली. गार पडलेली."

"आणि पोरगी?"

"मी विचारलं नाही," पंत म्हणाले.

बोरीपासून पुढं ते एकच वाक्य बोलले. "तिची हाक राहिलीय. ती द्यायची आणि यायचं."

पावणेतीनला पोचलो. कोर्ट दोन वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेलं होतं. जुनी इमारत रिकामी. काळ्या दगडाची, पाच पायऱ्या, लांब व्हरांडा. कोर्टाच्या दाराला कुलूप. चिंच दुष्काळात जळणासाठी तोडली होती. फक्त बुंधा उरला होता.

राखणदार आश्रुबा फाटकाशी बिडी ओढत बसला होता. पंतांना ओळखून त्यानं रामराम केला.

"लय दिसानं आलात पेशकारसाहेब. म्हातारं झालात की."

"तू काय जवान राहिलास का रे?"

"मी हाय तसाच हाय. माजी बायको म्हनती, तुमी जलमताच म्हातारे हुता."

पंत हसले. त्या दिवसातलं ते शेवटचं हसणं. मग त्यांनी कशासाठी आलो ते सांगितलं. आश्रुबानं बिडी विझवली.

"नगा करू साहेब. इथं आमी कुनाला नावानं हाक मारत न्हाई. बायकू जेवाय बोलवाय आली तरी फाटकाची कडी वाजविती."

"का?"

"तसंच हाय," तो म्हणाला. फाटकाच्या आत मात्र आला नाही.

तीन वाजून पाच मिनिटांनी पंत व्हरांड्यात उभे राहिले. टोपी नीट केली. मी त्यांच्या मागं, बंद दाराजवळ.

"सरजाबाई जौजे किशनराव... हाजिर है...?"

जौजे म्हणजे अमक्याची बायको, वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. जुन्या कोर्टात असंच पुकारत. म्हाताऱ्याचा आवाज समोरच्या टेकडीपर्यंत गेला.

काही झालं नाही.

"सरजाबाई जौजे किशनराव... हाजिर है...?"

मघापासून कौलांवर पारवे घुमत होते.

ते थांबले.

दूर रस्त्यावर खडी फोडण्याचा आवाज येत होता. तोही थांबला. रविवारी कामं बंद असतात हे मला नंतर आठवलं. झरीला ती माणसं का होती, याचाही उलगडा मला झालेला नाही.

तिसऱ्या हाकेला पंतांचा आवाज फाटला. पण हाक पुरी झाली.

मग मला ऐकू आलं...

बुंध्याकडून. दगडावर वहाणा घासाव्यात तसं. सावकाश. खूप वेळ बसून पाय आखडलेलं माणूस चालतं, तसं.

पहिली पायरी. दुसरी. तिसरी. चौथी. पाचवी.

पायऱ्यांवर ऊन होतं. दुसरं काही नव्हतं.

तो आवाज पंतांच्या आणि माझ्या मधून गेला. आमच्यात तीन फूट अंतर असेल. दारापाशी थांबला. कुलूप हललं नाही.

आणि आत... बंद कोर्टात... बाकडं करकरलं. कुणीतरी बसलं.

पंत समोरच बघत होते.

"आली का हो?" त्यांनी विचारलं.

त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

"आली," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला. "बरं झालं," म्हणाले. एक एक पायरी उतरले, अंगणातून चालत गेले आणि चिंचेच्या बुंध्यावर बसले. इमारतीकडं पाठ करून. दमले असावेत.

मी दाराजवळच राहिलो. का राहिलो ते सांगता येत नाही. भीती वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं. हातपाय माझे नसल्यासारखे होते. मी वही उघडली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

आत कागद उलटल्याचा आवाज झाला.

आणि मग कुणीतरी बोललं. मोठ्यानं नाही. खुर्चीत बसून, खाली मान घालून माणूस पुटपुटतो तसं.

एका दमात.

"विष्णुपंत वल्द रंगनाथ, विष्णुपंत वल्द रंगनाथ, विष्णुपंत वल्द रंगनाथ."

आवाज पंतांचाच होता. तरुणपणीचा.

मी अंगणात पाहिलं. पंत बुंध्यावर बसले होते. तीस पावलांवर. उपरण्यानं वारा घेत होते. त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मला दाराला टेकून जेमतेम ऐकू आलं होतं.

मी हाक मारायला हवी होती. पंत, तुमचं नाव घेतलंय, ओ द्या. सहा शब्द. मी तोंड उघडलंही असेल.

आत टाक दौतीत बुडवल्याचा आवाज आला. मग कागदावर टाक चालल्याचा.

मग पारवे पुन्हा घुमू लागले.

फाटकाशी आश्रुबा मान खाली घालून उभा होता. "काय ऐकलं ते मला सांगू नगा साहेब," तो म्हणाला. "मला हितंच ऱ्हायाचंय."

परतीच्या वाटेवर पंत खुशीत होते. बोरीला त्यांनी दोन कप चहा घेतला. मी त्यांना काही सांगितलं नाही. मजकूर सोमवारी साडेअकराला दिला. इमारतीचं बांधकाम, दगड कुठून आणला, छपराची दुरुस्ती केव्हा झाली. बाकी काही नाही.

पुढच्या रविवारी त्यांना घ्यायला गेलो, तर ते घराच्या ओट्यावर बसले होते. इस्त्रीचा कोट आणि टोपी घालून.

त्यांच्या पत्नी, लीलाकाकू, दारात उभ्या होत्या. "मंगळवारपासून हे असंच चाललंय बघा," त्या म्हणाल्या. "सकाळी तयार होऊन इथं येऊन बसतात. जेवायलाही आत येईनात. कशाची वाट बघायलेत, विचारलं तर सांगत नाहीत. तुम्ही तरी विचारा."

मी जवळ बसलो. पंतांनी माझ्याकडं पाहिलं. अगदी साध्या आवाजात विचारलं,

"व्यंकटराव, माझं नाव घेतलं का हो?"

त्यांनी सरजाबाईला दिलं होतं, तेच उत्तर माझ्या तोंडातून आलं.

"अजून नाही."

त्यांनी मान डोलावली. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. मग रस्त्याकडं बघत राहिले.

मी आणखी दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांनी तेच विचारलं. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. शुक्रवारी, ३० मार्चला, लीलाकाकू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या, तेव्हा ते तिथंच बसलेले होते. गार पडलेले. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. मीच चार ओळींची बातमी लिहिली.

लेखमाला मी तिथंच थांबवली. संपादकांनी कारण विचारलं. रस्ते खराब आहेत, म्हणालो.

वहीचं सांगायचं राहिलं.

पंत गेल्यावर काही दिवसांनी मी ते पान उघडलं. त्यात पायऱ्यांची संख्या आहे. पोचल्याची वेळ आहे. बुंध्यापासून व्हरांड्यापर्यंतचं अंतर आहे, तीस पावलं. आणि सगळ्यात खाली एक ओळ आहे.

३.१७. तीनदा पुकारा झाला. गैरहजर.

अक्षर माझं आहे. शाई माझ्या पेनची आहे. ती ओळ लिहिल्याचं मला आठवत नाही. पण मी ती लिहिली नाही असंही शपथेवर सांगू शकत नाही. कानावर पडलं की हात आपोआप लिहितो. माझी नोकरीच ती होती. पंत समोर बसलेले मला दिसत होते. तरीही.

ती ओळ खोडावी असं अनेकदा मनात आलं. खोडलेली नाही. खोडून आता कुणाचं काय परत येणार?

गेल्या वर्षापासून मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजव्यानंही कमीच. घरात कुणी हळू बोललं की मी विचारतो, काय म्हणालात? सगळे म्हणतात, काही नाही.

काही नाही, असं ते म्हणतात.

सुनेला आणि नातवंडांना मी एकच सांगून ठेवलंय. कुठंही, केव्हाही, कुणीही माझं नाव घेतलेलं ऐकलंत तर येऊन मला सांगा. मोठ्यानं सांगा.

सगळे हो म्हणतात.

मीही पंतांना 'अजून नाही' असंच म्हणालो होतो.