रद्द झालेलं सर्टिफिकेट

ते मोबाईल ठेवा बाजूला. आणि हसायचं नाही, आधीच सांगतो. आमच्या ऑफिसातल्या बारक्याच्या बाबतीत घडलंय हे.

इस्पितळातल्या संगणकांचं काम बघायचा तो. मूत्रपिंड हवं असलेल्या रुग्णांची यादी सांभाळणाऱ्या केंद्राशी आपला प्रोग्रॅम जोडायचा. पण ते केंद्र भारी कडक. नंबर लागला की मूत्रपिंड घेतो असा होकार कळवायचा, पण फोनवरचा चालत नाही. दारात सर्टिफिकेट दाखवायचं, म्हणजे ओळखपत्र. आणि ते आपलंच आहे हे पटवायला त्याची गुप्त किल्ली हवी, म्हणजे संगणकातच बनणारी एक फाईल. नाहीतर देवालाही आत सोडत नाहीत.

हे काम त्याला त्याच्या काकांनी शिकवलं, त्याच्या आधी तेच ते बघायचे. काका स्वतः त्याच यादीत होते. गेल्या वर्षी त्यांचा नंबर लागला आणि नेमकी त्याच रात्री बारक्याच्या सर्टिफिकेटची मुदत संपली. नवीन काढायला तो विसरला होता. होकार गेलाच नाही, मूत्रपिंड दुसऱ्याला गेलं. "होतं रे असं," एवढंच काका म्हणाले. महिन्याभरात गेले. माणूस गेला की त्याच्या नावाचं सर्टिफिकेट रद्द करायचं असतं. तेही बारक्यानंच केलं, रडत रडत.

आता ऐका. बुधवारची रात्र, दोन वाजून चाळीस मिनिटं. यादीत नंबर लागला ताईचा. बारक्याची सख्खी ताई. होकार तीनच्या आत जायला हवा.

या वेळी पठ्ठ्यानं नवीन सर्टिफिकेट वेळेवर काढलं होतं. प्रोग्रॅम चालवला. नकार! सर्टिफिकेट होतं, किल्ली नव्हती. आठवण म्हणून नव्या सर्टिफिकेटचा अर्ज काकांच्या जुन्या लॅपटॉपवरून केला होता, किल्ली तिथंच बनली. आणि दुसऱ्या कुणाला द्यायचा म्हणून संध्याकाळीच त्या लॅपटॉपमधलं सगळं पुसून, बॅटरी काढून तो कपाटात टाकला होता.

फोन वाजला. "बारक्या, झालं का रे?"

"होतंय, ताई." पुन्हा प्रोग्रॅम चालवला त्यानं.

दोन पन्नास. नकार.

दोन पंचावन्न. नकार.

"काका... चुकलो हो मी..."

खोलीत कोणी नव्हतं.

दोन अठ्ठावन्न. त्यानं कीबोर्डवरून हात काढले. पडद्यावर ओळ उमटली. जोडणी झाली. होकार पोचला.

ताई आज ठणठणीत आहे, भेटली की मलाच दरडावते. पण त्या क्षणी बारक्यानं जोडणीची नोंद उघडली. सर्टिफिकेट कोणाचं? काकांचं. पुढे शेरा, रद्द.

तो उठला. कपाटाचं कुलूप उघडलं. लॅपटॉप तसाच, बॅटरी बाजूला...

हात लावला.

गरम होता.