पुढच्या व्हर्जनला

पैज लागली ती चहा पिता पिता. जुळे सोलापुरातल्या त्या तीन मजली बिल्डिंगीच्या कट्ट्यावर नंदू मांडी ठोकून बसला होता. नवी पेठेत त्याचं बॅगांचं दुकान. वय पन्नाशीचं, पण चेष्टा केल्याबिगर गड्याला जेवण पचायचं नाही. कुणाच्या दारावर 'घर भाड्याने देणे आहे' चिकटव, कुणाच्या स्कूटरला नवरदेवासारखं बाशिंग बांध. एकदा तर खुद्द बायकोच्या भावाला कुरिअरनं नारळाची करवंटी पाठवली होती.

"देवा, रविवारी तुझं ते ॲप झोपतंय बघ," नंदू म्हणाला.

"नाही झोपणार," देवदत्त म्हणाला. तो पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शिकवायचा. नंदूच्या बरोबर उलटा, मोजून बोलणारा.

"न्हाय झोपलं तर आमच्या यशोदीचं नऊवारी नेसून, घागर डोक्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर तुझ्या दारात आणून देतो. अख्ख्या बिल्डिंगीदेखत!"

"अन् झोपलं तर?"

"तर तू नेसायचं!"

"अय्यो, कुणी बी नेसा," पहिल्या मजल्यावरनं सावित्रम्मा ओरडल्या, "निऱ्या मी घालून देते."

सगळे हसले. देवदत्तसुद्धा हसला, आणि ते बघून नंदूला बरं वाटलं. दोन वर्षांत हा माणूस असा हसला नव्हता.

ॲप म्हणजे काय, तर पाण्याचं. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येणार, आणि कधी येईल ते कुणाला ठाऊक नसणार. म्हणून देवदत्तानं बिल्डिंगीपुरतं एक ॲप बनवलेलं. घरात असेल त्यानं 'पाणी आलं' दाबायचं. बाहेर असेल त्यानं कुठं आहे ते टाकून 'येतो' दाबायचं. की शेजारी त्याची घागर खालच्या नळाच्या रांगेत लावणार. नियम एकच: येतो म्हटलेल्या माणसाची घागर रांगेतनं हलवायची नाही.

दोन वर्षांमागं देवदत्तच्या बायकोनं, चेतनावहिनींनी, नवी पेठेतल्या शाळेतनं 'येतो' दाबलं आणि स्कूटी काढली. आसरा चौकात ट्रकनं उडवलं. हितं त्यांची पितळी घागर अंधार पडेपर्यंत रांगेत उभी होती. हलवायला कुणाचा हात धजला नाही.

आता ज्या फ्रेमवर्कवर ते ॲप उभं होतं, ते लई जुनं झालं होतं. सर्व्हरवाल्यांनी कळवलं होतं, महिनाअखेर जुनं व्हर्जन बंद. नवं घाला, न्हायतर ॲप विसरा. रविवारी देवदत्त ते घालणार होता. "घर तेच ठेवून पाया बदलायचा म्हण की," नंदू म्हणाला होता, आणि देवदत्त म्हणाला होता, "तसंच काहीसं."

रविवारी दुपारी नंदू मुद्दाम वर जाऊन बसला, नजर लावायला. खिडकीच्या पडद्यातनं ऊन येत होतं, पंखा कुरकुरत होता. देवदत्तानं आधी बॅकअप घेतला, मग नवं व्हर्जन चढवलं. स्क्रीनवर लाल ओळींचा पाऊस पडला. देवदत्त एकेक ओळ वाचायचा, कोड दुरुस्त करायचा, परत चालवून बघायचा. नंदू शेंगाचटणी-भाकरी खात त्याला टोमणे मारत होता. संध्याकाळच्या आधीच लाल संपलं.

"बघ," देवदत्त म्हणाला आणि त्यानं चाचणीसाठी 'पाणी आलं' दाबलं. दोघांचे फोन वाजले.

मग परत वाजले.

'चेतना : येते. नवी पेठ.'

नंदूच्या हातातला घास हातातच राहिला. "जुनं असंल रे. तळाचं वर आलं असंल."

"जुनं कसं असेल?" देवदत्तचा आवाज एकदम बारीक झाला. "तिचा तो शेवटचा 'येतो' मी पुसला नव्हता, खरं आहे. पण तो 'येतो' होता, नंदू. बटणच तसलं. यावरनं भांडायची माझ्याशी. म्हणायची, मी काय गडी आहे का, 'येते' कर की. मी म्हणायचो, पुढच्या व्हर्जनला करू."

"मग आता केलंस की."

"नाही केलं. विसरलो."

त्यानं सगळ्या कोडमधे शोध लावला. 'येते' हा शब्द कुठंच नव्हता. तो निरोप त्यानं पुसला. पंखा बंद केला, फोन समोर ठेवून बसला. थोड्या वेळानं फोन वाजला.

'चेतना : येते. नवी पेठ.'

सोमवारी अख्खी बिल्डिंग नंदूच्या अंगावर आली. कारण निरोप सगळ्यांनाच दिसत होता.

"मेलेल्या बाईची चेष्टा करता व्हय हो?" बायकोनं, यशोदेनं, ताट आपटलं. "लाज कशी वाटत न्हाय?"

"आईशपथ, मी न्हाय केलं!"

"तुमच्या शपथा म्हायतीयत मला."

आयुष्यभर चेष्टेच्या ज्या भांडवलावर नंदू जगला, त्यानं पहिल्यांदा दगा दिला. कुणी विश्वास ठेवीना. देवदत्तानं माळ्यावरनं ती पितळी घागर काढली आणि चिंच लावून लख्ख घासली. कॉलेजला जाणं बंद केलं. दार सताड उघडं ठेवून जेवायला दोन ताटं घ्यायला लागला. नंदूनं एकदा बघितलं, दोन्ही ताटांतलं जेवण तसंच होतं.

पाणी आलं ते सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी. सावित्रम्मांनी बटण दाबलं. घागरी, कळशा, प्लॅस्टिकचे पिंप, सगळी रांग लागली. देवदत्त घराला कुलूप लावून खाली आला आणि त्यानं पितळी घागर रांगेत ठेवली.

फोन वाजले. 'चेतना : येते. नवी पेठ.'

पुढची कळशी भरली. फोन वाजले. 'चेतना : येते. सात रस्ता.'

सावित्रम्मांनी पदर तोंडाला लावला. सगळ्यांनी नंदूकडं बघितलं. नंदूनं आपले दोन्ही हात रिकामे करून दाखवले. त्याचा फोन कट्ट्यावर पडला होता.

'चेतना : येते. आसरा चौक.'

मग तेच परत. आसरा चौक. परत आसरा चौक. पुढं सरकेना.

"अडकलीय ती तिथं," देवदत्त म्हणाला. शांत, खुशीत म्हणावा असा चेहरा. त्यानं स्कूटरला किल्ली लावली. "रस्ता ओलांडता येत नाही तिला. मी आणतो."

"देवा, उतर."

"जातो मी, नंदू."

येतो नाही. जातो. घरनं निघताना कुणी उच्चारत नाही तो शब्द. आज हा गेला, की परत येत नाही, नंदूला कळलं.

आणि मग नंदू हसला. आपलं ठेवणीतलं, खदाखदा.

"फसलास की लेका!" तो ओरडला. "मी केलंय सगळं! वहिनींच्या नावानं निरोप टाकायला दुकानातल्या पोरांना फोन वाटलेत. पैज हरायची न्हवती मला, म्हणून!"

स्कूटर बंद झाली. देवदत्त उतरला, नंदूसमोर आला आणि त्यानं काडकन् थोबाडीत दिली. मग तो कट्ट्यावर बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. दोन वर्षांचं सगळं.

रडतोय म्हणजे ऱ्हातोय, नंदूला वाटलं. गाल जळत होता. फोनही गप्प झाले होते.

"ॲप चाललं," देवदत्त डोळे पुसत म्हणाला. "हरलास तू. उचल घागर."

यशोदेनं नवऱ्याच्या तोंडाकडं न बघता नऊवारी आणून टाकलं. सावित्रम्मांनी पँटवरनंच निऱ्या घातल्या, गच्च, रागानं. कुणी हसलं नाही. "माणूस हायस का कोण," मागनं कुणीतरी म्हणालं. भरलेली पितळी घागर डोक्यावर घेऊन नंदू जिना चढला.

तिसऱ्या मजल्याची गॅलरी उघडी. खालनं सगळे बघत होते. घागर हिंदकळत होती, पाणी डोळ्यांत जात होतं. डोळे मिटूनच, कठड्याला धरून तो देवदत्तच्या दाराशी पोचला.

डोक्यावरचा भार हलका झाला. कुणीतरी घागर उतरून घेतली.

"हळू, जड हाय," सवयीनं नंदू म्हणाला.

त्यानं डोळे पुसले.

गॅलरीत कुणी नव्हतं. दाराला कुलूप होतं. घागर नव्हती.

"नंदूअण्णा," खालनं सावित्रम्मांचा कापरा आवाज आला, "घागर कुठं गेली?"

कुलपाच्या आत, सैपाकघरात, कुणीतरी माठात पाणी ओतत होतं. सावकाश. सांडू न देता.

नंदूनं कठड्यावरनं खाली बघितलं. अंगणात देवदत्त उठून उभा राहिला होता, मान वर करून, कुणी हाक मारल्यासारखा. त्यानं खिशातनं घराची किल्ली काढली आणि जिन्याकडं वळला.

"हो, हो," तो म्हणाला. "आलो."

त्याला कुणी हाक मारली नव्हती.