पायलच्या बाबांचा डीपी

‘क्लिअर’ हे बटण दिसलं की लोकांना धडकीच भरते. अमरावतीला राजकमल चौकाच्या मागे माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर मी एकच समजावत असतो: कॅशे म्हणजे सारखी आणावी लागू नये म्हणून फोननं जवळ ठेवलेली जुनी प्रत. ती पुसली तर फोन ताजी आणतो. बस्स, एवढंच.

नांदगाव खंडेश्वरच्या जमुनाबाईंनाही मी तेच ऐकवलं. त्यांचा फोन भरून गच्च झाला होता, चॅटचं ॲप उघडायलाच तयार नव्हतं.

“पुसा भाऊ, पण त्यायचा फोटो जाऊ देऊ नका,” त्या म्हणाल्या. “मायाजवळ तेवढाच हाये.”

त्यांचा नवरा गजेंद्र होळीच्या सुमारास वारला. आवडीची वस्तू म्हणून भावांनी त्याचा मोबाइल चितेवर ठेवला. घरातले सगळे फोटो त्यातच होते, ते जळाले. जमुनाबाईंकडे उरला तो ‘पायलचे बाबा’ या नंबरावरचा डीपी. चिखलदऱ्याचा कठडा, पिवळा शर्ट, हसरा चेहरा.

“काही जात नाही हो,” म्हणत मी बटण दाबलं.

डीपी गेला. नुसता राखाडी गोल उरला. 

जमुनाबाई रडल्या नाहीत की रागावल्या नाहीत, त्या गोलाकडे बघत राहिल्या. तेच मला सोसेना. तेवढ्यात फोटो आला आणि मी हुश्श केलं.

शर्ट तोच पिवळा, हसू तेच. पण मागे कठडा नव्हता. बसस्टँड होतं, आणि नांदगावची पाटी लावलेली कोरी करकरीत ई-बस.

“दुसरा फोटो लावला असेल त्यांनी कधीतरी,” मी म्हणालो.

“हे गाडी त मागच्या हप्त्यात सुरू झाली,” जमुनाबाई हळूच म्हणाल्या. “मी आज याच गाडीनं आली.”

मी फोन त्यांच्यापुढे सरकवला, तर त्यांनी तो परत माझ्याकडे ढकलला.

“अजून एकदा पुसा ना, भाऊ.”

नाही म्हणवेना. मी बटण दाबलं.

राखाडी गोल. मग फोटो.

त्यात माझं दुकान होतं. काउंटरवर वाकलेला मी, पाठमोरा. समोर फोनकडे बघणाऱ्या जमुनाबाई. गजेंद्र कुठेच नव्हता.

फोटो माझ्या मागून काढलेला होता. माझ्या मागे कव्हर टांगलेली भिंत आहे, माणूस उभा राहील एवढी जागाच नाही.

जमुनाबाईंनी मान वर केली. माझ्या खांद्यावरून मागे बघत, घरात विचारावं तसं त्यांनी विचारलं,

“जेवले काय तुमी?”